ताकद इंजिनात, कसोटी गिअरबॉक्सची

कोकणातल्या ज्या घरातला एक तरी माणूस आखातात आहे, त्या घरातल्या मोबाइलवर वाळूचे व्हिडिओ येतातच. थंडीचे दिवस, उंच टेकडी, लोखंडी नळ्यांचा उघडा सांगाडा असलेली एक गाडी खालून सुसाट येते आणि मागे वाळूचा फवारा उडवत थेट शेंड्यावर जाते. मुले आम्हाला विचारतात, "सर, हिचं इंजिन किती हॉर्सपॉवरचं?" गिअरबॉक्स कुठला, असे अजून एकानेही विचारलेले नाही. आम्ही भाषा शिकवणारी माणसे. पण धाकट्या बहिणीचा मुलगा शारजात अशाच गाड्यांच्या गॅरेजात गिअरबॉक्स बांधतो. त्याच्याशी फोनवर झालेल्या बोलण्यातून, आणि त्यानंतर जे वाचून पाहिले त्यातून, आम्हाला एवढे कळले की या गाड्यांची खरी गोष्ट इंजिनात नसून त्याच्या पाठीला बसलेल्या त्या तेलकट पेटीत आहे.

पर्यटकांना वाळवंटात फिरवणाऱ्या मोठ्या जीपगाड्या वेगळ्या आणि ही गाडी वेगळी. जीपमध्ये इंजिन पुढे असते आणि चारही चाके ओढतात. सँड कार म्हणतात त्या गाडीत इंजिन माणसांच्या पाठीमागे असते, जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो आणि अंगावर पत्रा नावापुरता. वजन साधारण एका लहान मोटारीएवढे, आणि इंजिन मात्र पाच-सहा लहान मोटारींना पुरेल असे. मागच्या टायरांवर आडव्या उंच पट्ट्या असतात, वल्ह्यासारख्या. त्या वाळू मागे लोटतात आणि गाडी पुढे जाते. होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ही जात जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल गाडीचे इंजिन मागे होते. त्याच्याच पुढे गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सच्याच पोटात डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग. दोन्ही एकाच हाउसिंगमध्ये असल्याने त्याला ट्रान्सॲक्सल म्हणतात. लांब शाफ्ट नाही, मागे वेगळा गोळा नाही. वजन सगळे मागच्या चाकांवर, म्हणजे वाळूत जिथे हवे तिथेच. १९६४ मध्ये ब्रूस मायर्स नावाच्या होड्या बांधणाऱ्या माणसाने बीटलच्या यंत्रावर फायबरग्लासची हलकी बॉडी बसवून 'मायर्स मँक्स' ही बग्गी तयार केली. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातली पहिली 'मेक्सिकन १०००' शर्यत अशाच एका मँक्सने जिंकली आणि मग घरोघरी जुन्या बीटल कापल्या जाऊ लागल्या.

कापणाऱ्यांपैकी बरेच जण एका गोष्टीला फसले, असे जुने कारागीर हसून सांगतात. इंजिन गिअरबॉक्सच्या मागे न ठेवता पुढे, गाडीच्या मध्यभागी घ्यायचे, तर अख्खी जोडगोळी उलटी फिरवावी लागते. तशी फिरवली की चाकेही उलटी फिरतात! पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार. त्यावर उपाय म्हणजे पेटी उघडून क्राऊन, म्हणजे डिफरन्शियलचे मोठे दातेरी चाक, पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवायचे. आज हे काम करणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

आता थोडे गणित. घाबरू नये, गुणाकारापलीकडे जाणार नाही.

साठच्या दशकातल्या १५०० सीसी बीटलचे इंजिन ५३ अश्वशक्तीचे होते. त्याचा टॉर्क, म्हणजे शाफ्टला पिळण्याचा जोर, सुमारे १०५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.८० आणि क्राऊन-पिनियनचे ४.१२५. दोन्हींचा गुणाकार १५.७ च्या जवळ येतो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर सुमारे १६ पट वाढून चाकांच्या धुऱ्यांवर पोचतो. १०५ चे होतात सुमारे १,६५०. त्या पेटीतला प्रत्येक दात, प्रत्येक बेअरिंग, हाउसिंगची भिंत या आकड्यासाठी बनवलेली.

पुढे लोकांना टेकड्या उंच वाटू लागल्या आणि इंजिने मोठी होत गेली. जनरल मोटर्सच्या एलएस कुळातली व्ही-८ इंजिने या गाड्यांत फार चालतात. त्यातले २००६ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मध्ये आलेले एलएस-७ हे ७ लिटरचे इंजिन ५०५ अश्वशक्ती आणि सुमारे ६३७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. तेच बीटलच्या पेटीला जोडले तर धुऱ्यांवर येतात १०,००० न्यूटन-मीटर. सहापट. त्यावर टर्बो चढवून हजार अश्वशक्तीच्या पुढे गेलेल्या गाड्याही वाळवंटात दिसतात. त्यांचा गुणाकार वाचकांनीच करून पाहावा.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, की सर, वाळू तर सैल असते, चाक घसरते, मग एवढा जोर पेटीवर येतोच कुठे? प्रश्न बरोबर आहे. सैल वाळू हा एक प्रकारचा फ्यूज आहे. जोर वाढला की चाक जागच्या जागी फिरते आणि पेटी वाचते. साध्या टायरवर मोठे इंजिन आणि जुना गिअरबॉक्स ही जोडी पुष्कळ दिवस टिकते ती म्हणूनच. पण ते वल्ह्यासारखे टायर लावले की हा फ्यूज जाड होतो. त्याहून वाईट म्हणजे उडी. गाडी टेकडीच्या काठावरून हवेत जाते. चाकांना अडवायला काहीच नसते. चालवणाऱ्याचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला. इंजिन किंचाळते, चाके सुसाट फिरू लागतात, आणि पुढच्या क्षणी सगळे वजन घेऊन ती वाळूवर आपटून एकदम थांबू पाहतात. त्या क्षणी पेटीत जो झटका बसतो तो कुठल्याही गुणाकारात मावत नाही. हातोड्याचा घावच तो. अनुभवी माणूस हवेत असताना पाय उचलतो. व्हिडिओसाठी चालवणारा उचलत नाही.

दात तुटतो म्हणजे काय होते, हेही भाच्याने नीट समजावले. गिअरचे दात तिरके कापलेले असतात, त्यामुळे ते आवाज कमी करतात. पण जोर आला की दोन्ही चाके एकमेकांना दूर लोटतात आणि दात तिरके असल्याने शाफ्टही लांबीच्या दिशेने सरकू पाहतो. क्राऊन-पिनियनमध्ये हे सर्वांत जास्त. जुने हाउसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, वजनाला हलके. ते तापले की प्रसरण पावते, जोर आला की केसभर फाकते. मग दाताच्या मधोमध बसायला हवा तो भार दाताच्या काठावर सरकतो. काठाचा टवका उडतो. तो टवका दुसऱ्या दोन दातांत सापडतो आणि मग पेटीच्या पोटात दळण सुरू होते. आम्हाला वाटायचे दात कच्च्या लोखंडाचा म्हणून तुटत असेल. बहुतेक वेळा लोखंड चांगलेच असते. भिंत हलते म्हणून दात मरतो.

म्हणूनच गिअरबॉक्स 'मजबूत करणे' हे एका भागाचे काम नाही. त्याच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी जुन्या पेटीलाच बळ देण्याची. बाजूची झाकणे जाड बसवतात, डिफरन्शियलमध्ये दोनऐवजी चार लहान गिअर घालतात म्हणजे भार चौघांत वाटला जातो, आणि शाफ्टवर नुसते दाबून बसवलेले गिअर सरकू नयेत म्हणून पक्के करून घेतात. मध्यम इंजिनाला एवढे पुरते. दुसरी पायरी फोक्सवॅगनच्याच बसच्या, म्हणजे टाइप-२ च्या गिअरबॉक्सची. १९६८ नंतरच्या बसचा गिअरबॉक्स माणसे आणि सामान भरलेली गाडी ओढायला बनवलेला, त्यामुळे त्यातले क्राऊन-पिनियन मोठे आणि भिंती दणकट. अनेक वर्षे वाळूतल्या गाड्यांचा तोच आधार होता. तिसरी पायरी पोर्शेच्या ९३० ची. १९७५ पासून आलेल्या त्या टर्बो गाडीच्या चार गिअरच्या पेटीत गिअर रुंद होते, कारण टर्बोचा झटका झेलायचा होता. व्ही-८ वाल्यांनी तिच्यावर झडप घातली. पण जुन्या पोर्शे संपत आल्या आणि त्या पेट्या महाग झाल्या.

चौथी पायरी म्हणजे मुळातच या कामासाठी बनवलेली पेटी. कॅलिफोर्नियातील मेंडिओला आणि वेडल, ऑस्ट्रेलियातील अल्बिन्स अशी नावे या धंद्यात घेतली जातात. या पेट्यांत हाउसिंग जाड ॲल्युमिनियमचे असते, गिअर रुंद असतात आणि पोलाद निवडक असते. गिअरसाठी ९३१० नावाचे पोलाद वापरतात. त्याची मेख अशी की भट्टीत कार्बन मुरवून त्याचा पृष्ठभाग कठीण करतात आणि गाभा चिवट ठेवतात. नुसते कठीण पोलाद काचेसारखे फुटेल, नुसते चिवट असेल तर दात झिजेल. अडकित्त्याचे पाते जसे लोहार फक्त धारेला पाणी देऊन बनवतो, तशातलाच हा प्रकार. किंमत मात्र अडकित्त्याची नाही. नवी पेटी पाच आकडी डॉलरांत जाते, म्हणजे आपल्या रुपयांत आठ-नऊ लाखांच्या पुढेच.

एवढे पैसे कुणी वाळूत घालावेत काय, हा प्रश्न आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी लगेच विचारला. "हा तर सरळ सरळ इसराफ झाला," असे आमच्या अब्बांचे मत. शौक ज्याचा त्याचा. आम्हाला एवढेच दिसते की ज्याने इंजिनावर आधीच त्याच्या दुप्पट खर्च केला आहे, त्याने पेटीवर हात आखडण्यात बचत नाही.

गिअर मजबूत करण्याइतकेच महत्त्वाचे, आणि आमच्या मते जास्त मनोरंजक, असते गुणोत्तर निवडणे. लहान इंजिनाला पहिला गिअर मोठ्या गुणोत्तराचा लागतो, कारण अशक्त माणसाला पहारही लांब लागते. बीटलचा पहिला ३.८०, दुसरा २.०६. पहिल्यात इंजिन ६,००० फेऱ्यांवर नेले आणि दुसरा टाकला तर फेऱ्या सुमारे ३,२५० वर पडतात. सपाट रस्त्यावर चालून जाते. वाळूच्या चढावर नाही. वाळू गाडीला इतकी धरून ठेवते की गिअर बदलण्याच्या अर्ध्या सेकंदातच वेग गळून पडतो, त्यात इंजिनही अर्ध्या फेऱ्यांवर आलेले. गाडी चढावर बसते. आता समजा पहिला २.४० आणि दुसरा १.७० घेतला. ६,००० वरून इंजिन ४,२५० वर येते आणि जोर तसाच राहतो.

यात दुहेरी फायदा आहे. पहिला ३.८० करायचा तर चालवणारा गिअर फार लहान ठेवावा लागतो. त्याला दात कमी आणि अंगही बारीक. २.४० मध्ये तो लठ्ठ होतो. शिवाय क्राऊन-पिनियन तेच धरले तरी धुऱ्यांवरचे १०,००० न्यूटन-मीटर उतरून सुमारे ६,३०० वर येतात. म्हणजे मोठ्या इंजिनाच्या गाडीत पेटी वाचवण्याचा एक मार्ग तिला कमी गुणाकार करायला लावणे हा आहे. ३३ इंची टायरवर हिशेब केला तर ६,००० फेऱ्यांना पहिल्या गिअरचा वेग ताशी ६० वरून ९५ किलोमीटरवर जातो. हलक्या अंगाच्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीला ते सहज पेलते. भाच्याकडे येणारे गिऱ्हाईक आधी 'किती गिअर?' विचारते. पाच गिअर असले म्हणजे चारांपेक्षा भारी, असा समज. तेवढ्याच जागेत पाच बसवायचे तर प्रत्येक गिअर अरुंद होतो, हे सांगितल्यावर काही जण चारावर येतात.

गिअर बदलण्याची पद्धतही वेगळी. आपल्या गाडीत सिंक्रोनायझर असतो. पितळी कडे आधी हलके घासून दोन भागांचा वेग जुळवते, मग दात अडकतात. सभ्य पद्धत आहे, पण वेळ खाते आणि मोठ्या जोराखाली ते कडे झिजते. शर्यतीच्या पेटीत 'डॉग' असतात, जाड खुंट्यांसारखे मोजके दात, जे थेट एकमेकांत घुसतात. खट्ट आवाज येतो, पण क्षणात काम होते. ज्या पेट्यांना सिक्वेन्शियल म्हणतात त्यांत दांडा फक्त पुढे-मागे हलतो आणि एक एक गिअर क्रमाने पडतो. चौथ्यातून चुकून पहिल्यात जाण्याची सोयच नाही. उडत्या गाडीत ज्याच्या हाताला धड दांडा सापडत नाही त्याच्यासाठी हे फार मोठे संरक्षण आहे. मात्र डॉग बिचकत, अर्धवट टाकले तर त्यांचे कोपरे गोल होतात आणि मग गिअर आपोआप निसटू लागतो. हळू हाताने टाकलेला गिअर इथे वाईट. वाहन चालवायला शिकवणारे आपले मास्तर हे ऐकून कपाळाला हात लावतील.

उष्णतेचा विचार फार थोडे लोक करतात. दात दातावर घासतो, बेअरिंग तेल घुसळते, त्यात थोडी शक्ती जातेच. समजा फक्त ३ टक्के गेली. ५०० अश्वशक्तीचे ३ टक्के म्हणजे १५ अश्वशक्ती, म्हणजेच सुमारे ११ किलोवॉट. घरातल्या हजार वॉटच्या ११ इस्त्र्या तापवून एका बादलीएवढ्या पेटीत कोंबल्यासारखे. रस्त्यावर वारा लागतो. इथे इंजिन अगदी अंगाला चिकटून बसलेले आणि खाली तापलेली वाळू. तेल पातळ झाले की दातांमधला पडदा फाटतो. म्हणून चांगल्या कामात तेलाचा वेगळा पंप, गाळणी, बाहेर बसवलेला कूलर आणि डॅशबोर्डवर गिअर ऑइलच्या तापमानाचा काटा असतो. काटा नसलेली गाडी बांधायला भाचा तयार होत नाही.

पेटी बदलली की दुबळा भाग नाहीसा होत नाही, पुढच्या घरी राहायला जातो. क्लच एका प्लेटचा असेल तर तो घसरू लागतो, मग दोन प्लेटचा लागतो. इंजिन आणि पेटी यांच्यामधली अडॅप्टर प्लेट तसूभर वाकडी बसली तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग हळूहळू खाल्ले जाते. चाकांकडे जाणाऱ्या धुऱ्या आणि त्यांच्या टोकाचे सी. व्ही. जॉइंट हेही त्याच मापाचे हवेत. यातला कुठला भाग आधी तुटावा, हे कारागीर ठरवू शकतो. धुरी तुटली तर वाळवंटात तासाभरात बदलता येते, पिनियन तुटला तर पेटी उतरवावी लागते. शहाणा कारागीर धुरीला सर्वांत शेवटची मजबुती देतो.

आता त्या शारजातल्या टेबलाकडे येऊ. गेल्या हिवाळ्यापूर्वी तिथे एक गाडी आली. मूळची अमेरिकेतली. तेव्हा तिच्यात चार सिलिंडरचे सुबारूचे इंजिन आणि पाठीला बसचा गिअरबॉक्स होता. ती जोडी ठीक होती. पुढे मालकाने व्ही-८ बसवले आणि गिअरबॉक्स तोच ठेवला. आता तिसरा गिअर तुटला होता. मालक तिथलाच, विशीतला तरुण. त्याचे म्हणणे, तिसरा गिअर तेवढा बदला, आणि गाडी खाली आहेच तर टर्बोही चढवा. मोसम तोंडावर आलेला. गॅरेजचा अरबाबही राजी, कारण टर्बोच्या कामात पैसा दिसतो.

भाच्याने पेटी उघडली. क्राऊनच्या दातांवर भार कुठे बसतो हे पाहायला दातांना पिवळा रंग फासून चाक फिरवतात. रंग जिथे पुसला जातो तिथे दात टेकतो. पुसट ठसा मधोमध लंबगोल यायला हवा. इथे तो पूर्ण काठावर आला होता आणि काठावर बारीक खड्डे पडले होते. तिसरा गिअर हे दुखणे नव्हतेच, ते फक्त लक्षण होते. त्याने अरबाबला सांगितले, ही पेटी मी बांधून देतो, पण टर्बोसाठी देणार नाही. बोलणे चढले. नोकरी, व्हिसा, घरी पाठवायचे पैसे, सगळे त्या एका वाक्यावर टांगलेले. रात्री त्याचा आम्हाला फोन आला. "मामू, गिअर तुटला तर वर्कशॉपचं नाव जातं. पण तो पोरगा पाठच्या भावाला बाजूला बसवून चढतो. माझं बोट त्या खड्ड्यांवरून फिरलंय. मला कळलंय ते मला न कळल्यासारखं कसं करता येईल?" आम्ही त्याला काय सांगणार? एवढेच म्हणालो, "तू जे पाहिलंस ते त्या पोरालाही दाखव. सांगू नकोस, दाखव."

यात जिवाचा काय संबंध, असे वाटेल. वाळूच्या टेकडीची रचना पाहा. वाऱ्याकडची बाजू उतरती आणि घट्ट, पलीकडची तीव्र आणि सैल. कोरडी वाळू जितक्या कोनात टिकू शकते तितकी, म्हणजे ३०-३४ अंशांची. माथ्यावर चाकूच्या धारेसारखी कड. खालून येणाऱ्याला पलीकडचे काहीच दिसत नाही. कॅलिफोर्नियातील ग्लॅमिसजवळचा वाळूचा पट्टा सुमारे ७० किलोमीटर लांब आहे. तिथे प्रत्येक गाडीला उंच लवचीक काठीवर झेंडा लावावा लागतो तो एवढ्याचसाठी, की गाडी दिसण्याआधी निदान तिचा झेंडा दिसावा. सुट्टीच्या दिवसांत तिथल्या ओल्ड्समोबिल टेकडीवर आणि आपल्या माणसांना ठाऊक असलेल्या अबू धाबीच्या लिवा भागातील तल मुरीब टेकडीवर चढाईची चुरस लागते.

आता चढावर, कडेच्या दहा हात खाली पिनियन तुटला असे धरा. जोर गेला. गाडी थांबली. इंजिन चालू असूनही चाकांशी त्याचा संबंध उरला नाही. चढावर गाडी अडली तर वाळवंटातला पहिला नियम असा की रिव्हर्स टाकून सरळ मागे उतरायचे, वळायचे नाही. कारण आडवी झाली की ती लोळते. पण रिव्हर्सही त्याच पेटीत! इंजिनाचा अटकावही त्याच पेटीतून येणारा. उरले फक्त ब्रेक, आणि वाळूवर जाम झालेले चाक दिशा धरत नाही. वरून कुणी उडी घेत असेल तर तो वेगळा. पेटी तुटून अडकलेली चाके एकाएकी थांबली तर वेगात गाडी आडवी फिरते, तो आणखी वेगळा. गिअरबॉक्स ही सुरक्षेची वस्तू आहे, असे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेले आम्ही पाहिले नाही.

भाच्याने दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला टेबलापाशी बोलावले. त्याच्या बोटात क्राऊन दिला आणि काठावरून बोट फिरवायला सांगितले. मग मोबाइलवर दोन गुणाकार करून दाखवले, जे आम्ही वर दिले आहेत तेच. पोरगा बराच वेळ गप्प होता. टर्बो त्या मोसमापुरता राहिला. टर्बोसाठी ठेवलेल्या पैशांत एक वापरलेली, पण मुळातच वाळूसाठी बनवलेली चार गिअरची सिक्वेन्शियल पेटी आली. अरबाब दोन आठवडे तिरसट वागला. नंतर त्याच्याकडेच तसल्या आणखी दोन पेट्यांचे काम आले, तेव्हा त्याचा सूर बदलला.

वापरलेली पेटी घेताना काय पाहायचे, हे आखातातल्या आपल्या पोरांसाठी इथे नोंदवून ठेवतो. तेल काढून बघायचे. जळका वास आला तर ती तापलेली आहे. आतला चकाकता चुरा बोटांवर चोळून बघायचा. पितळी असेल तर सिंक्रोनायझरचा, पोलादी कण्या असतील तर गिअरचा किंवा बेअरिंगचा. विकणाऱ्याला क्राऊनवरच्या रंगाच्या ठशाचा फोटो मागायचा. देत नसेल तर पेटी उघडल्याशिवाय सौदा करायचा नाही. आणि आधी कुठल्या इंजिनापाठी, किती वजनाच्या गाडीत चालली हे विचारायचे.

पेटी बांधणे हे डोळ्यांचे आणि बोटांचे काम आहे. पिनियन किती आत बसावा हे त्याच्याखाली पातळ शिम घालून ठरवतात. क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांत जी मोकळीक ठेवतात तिला बॅकलॅश म्हणतात. ती डायल गेजने मोजतात आणि ती मिलिमीटरच्या पाव भागाहूनही कमी असते. हातातल्या या मासिकाची दोन-तीन पाने एकत्र धरा, तेवढीच. कमी ठेवली तर तापल्यावर दात एकमेकांत आवळतात, जास्त ठेवली तर प्रत्येक झटक्याला हातोडा बसतो. एक शिम बदलला की ठसा सरकतो, ठसा सरकला की पुन्हा सगळे खोलायचे. त्या पेटीसाठी भाच्याने सहा वेळा खोलझाप केली. हे शिक्षण त्याला कुठल्या मोठ्या कॉलेजात मिळाले नाही. दहावीनंतर आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स, मग महाडच्या एका गॅरेजात ट्रकचे डिफरन्शियल उघडत काढलेली चार वर्षे. ट्रकचे क्राऊन-पिनियन आणि या लाखमोलाच्या पेटीचे क्राऊन-पिनियन यांच्या मोजमापाची रीत एकच. "मामू, फक्त इथे हात धुवायला साबण चांगला मिळतो," असे तो म्हणतो.

गाडी डिसेंबरात वाळूत उतरली. पहिले काही तास पूर्ण जोर द्यायचा नाही, असे ठरले होते. नवे बसवलेले दात एकमेकांना ओळखेपर्यंत सबुरी. मग तेल काढले. तळाच्या बोल्टला लोहचुंबक असतो, त्यावर जे चिकटते ते वाचायचे असते. बारीक करडी पेस्ट म्हणजे नेहमीची झीज. टोकदार कणी म्हणजे संकट. भाच्याने चुंबकाचा फोटो आम्हाला पाठवला. काजळासारखी करडी पेस्ट होती, कणी एकही नव्हती. पेटीच्या हाउसिंगवर त्याने पांढऱ्या पेनने तेल बदलल्याची तारीख घातली आहे, आणि तिच्याखाली बॅकलॅशचा आकडा.